आता ती मजा राहिली नाही

आवडत्या बँडचा नवा अल्बम येणार असं कळलं की लोकांना आनंद होतो म्हणे. माझ्या पोटात गोळा येतो. माझा बँड ग्लासगोचा, नाव बेल अँड सबॅस्टियन. त्याचा चाहता असणं ही एक बिनपगारी नोकरी आहे. दर तीन-चार वर्षांनी वरून हुकूम येतो : नवा अल्बम काढला आहे, निराश होण्यासाठी हजर राहावे. आणि मी आजवर एकदाही दांडी मारलेली नाही.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांनी ओशाळू नये. ते कुणी ऐकलेलं नसणं हीच तर त्यातली खरी गोडी होती. ग्लासगोत बेकार गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी एक सरकारी वर्ग चालायचा. तिथे स्टुअर्ट मर्डॉक आणि स्टुअर्ट डेव्हिड भेटले आणि १९९६ साली बँड जमला. तिथल्या स्टो कॉलेजात संगीताचा धंदा शिकणारी मुलं स्वतःची छोटीशी रेकॉर्ड कंपनी चालवत. त्यांनी या बँडचा पहिला अल्बम काढला, ‘टायगरमिल्क’. रेकॉर्डिंग तीन दिवसांत, प्रती फक्त १,०००. बँडचं नाव घेतलं ते एका फ्रेंच बालकथेतल्या मुलाचं आणि त्याच्या कुत्रीचं. मंडळी इतकी लाजाळू की मुलाखत नको, फोटो नको. फारच गळ पडली तर बँडमध्ये नसलेल्याच कुणाचा तरी फोटो पाठवून मोकळी व्हायची. मुख्य गायक मर्डॉक एका चर्चच्या हॉलची देखभाल करायचा आणि त्याच्याच वरच्या मजल्यावर राहायचा. गाणी शाळेतल्या एकट्या मुलामुलींची, चर्चची, बसच्या प्रवासाची. विशीतल्या पोराला आपण जगावेगळे आहोत असं वाटायला याहून जास्त काय लागतं?

त्या हजारातली प्रत माझ्याकडे नव्हती, हे वेगळं सांगायला नको. पुण्यात कुणाकडेच नव्हती. माझ्याकडे होती ती कॅसेट. परदेशात शिकणाऱ्या एका मित्राच्या मित्राच्या कॅसेटवरून उतरवलेली. उतरवताना टेपरेकॉर्डर दिवाणखान्यात आणि माईक उघडा असावा, कारण ए बाजूच्या शेवटच्या गाण्यात कुणाच्या तरी काकू “अरे, पानं घेतली आहेत!” असं अगदी सुरात ओरडतात. ते मला फार आवडायचं. पुढे १९९९ साली तो अल्बम रीतसर बाजारात आला. मी मिनतवारीनं सीडी मिळवली आणि कान टवकारून शेवटपर्यंत ऐकली. काकू नव्हत्या. या बँडनं केलेली माझी पहिली निराशा ती.

सीडी मिळवणंही सोपं नव्हतं. एका दुकानात मी दबक्या आवाजात विचारलं, “बेल अँड सबॅस्टियन आहे का?”

“जुगलबंदी का?”

“नाही, बँड आहे.”

दुकानदारानं माझ्याकडे नीट पाहिलं. “बँड हवाय होय? लग्न कधी आहे?”

बाहेर आलो तेव्हा मी हवेत होतो. दुकानदाराला माहीत नव्हतं! असा निर्भेळ आनंद त्या काळात फार स्वस्त मिळत असे.

या बँडच्या चाहत्यानं लोकरीचा स्वेटर घालून खिडकीबाहेर उदासपणे बघायचं असतं, हेही कुठूनसं कळलं होतं. ग्लासगोत ते सोयीचं असेल. मी ऐन एप्रिलात बदामी रंगाचा स्वेटर घालून ब्रिटिश लायब्ररीत जाऊन बसायचो. आपल्यासारखीच एखादी उदास मुलगी समोर येऊन बसेल अशी अपेक्षा. समोर यायचे ते स्पर्धा परीक्षेचे उमेदवार. घरी आलो की आई कपाळाला हात लावून बघायची.

“कणकण आहे का रे?”

“नाही.”

“मग काढ तो. घामोळं उठेल.”

आईला कलेतलं काही कळत नाही, असं माझं तेव्हा मत झालं. घामोळं मात्र उठलं.

आता ऱ्हासाचा इतिहास. तो बँडच्या इतिहासाइतकाच जुना आहे. दुसरा अल्बम त्याच वर्षी, १९९६ च्या नोव्हेंबरात आला आणि आज सगळे त्यालाच त्यांचं सर्वोत्तम काम मानतात. पण ज्यांनी हजारातली प्रत पटकावली होती त्यांनी मान हलवलीच असणार. १९९८ साली तिसरा आला. त्याला अमेरिकेतल्या पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळानं दहापैकी ०.८ गुण दिले. मला गणितात इतके कमी कधी पडले नव्हते. १९९९ साली त्यांना ब्रिट पुरस्कार मिळाला, तोही ‘नवोदित’ म्हणून, तीन अल्बम पदरात असताना! मतदान इंटरनेटवर होतं. स्टेप्स नावाचा त्या वेळचा तुफान लोकप्रिय ग्रुप मागे पडला आणि मतांवरून बराच आरडाओरडा झाला. पुण्यातल्या आम्हा मोजक्या चाहत्यांचं एक मंडळ होतं. त्यात सुतकी शांतता पसरली. ज्या चाहत्यांनी कॉलेजच्या संगणकांवर बसून मतं दिली, त्यांनीच दुसऱ्या दिवशी म्हटलं असेल, “संपलं. आता हे सगळ्यांचे झाले.” पुढच्याच वर्षी ‘हाय फिडेलिटी’ सिनेमात रेकॉर्डच्या दुकानातला एक नोकर यांचं चालू गाणं तुच्छतेनं बंद करतो. चारचौघांत आपल्या बँडची हेटाळणी झाली म्हणून आम्ही भेळ खाऊन ती साजरी केली. अजून आशा होती.

२००३ साली तीही गेली. त्या अल्बमचा निर्माता होता ट्रेव्हर हॉर्न, ऐंशीच्या दशकात चकचकीत पॉप गाण्यांचे डोंगर रचणारा माणूस. त्यानं आमच्या बँडला धुऊन, पुसून, इस्त्री करून उभं केलं. मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत तो अल्बम आला. समीक्षकांनी वाखाणला. आम्ही एकमेकांना फोन करून विचारलं, “ऐकलास?” “ऐकला.” “मग?” “काय बोलायचं.” आमच्यात समीक्षा इतकीच असते.

पण खरा घाव बसायचा होता २०१५ च्या जानेवारीत. अल्बमचं नाव : ‘गर्ल्स इन पीसटाइम वॉन्ट टू डान्स’. नावातच नाचण्याची गोष्ट होती, पण आम्ही ते लाक्षणिक अर्थानं घेतलं. रेकॉर्डिंग अमेरिकेत, अटलांटाला. तिथलं ऊन चांगलं कडक असतं. पावसाळी दुःखाला तिथे बुरशी धरणार तरी कशी?

नवा अल्बम पहिल्यांदा ऐकण्याचे माझे काही नियम आहेत. एकट्यानं ऐकायचा, डोळे मिटून, हेडफोन लावून, क्रम न मोडता. घरात तसं सांगून ठेवतो. घरातले “हो” म्हणतात आणि बरोबर त्याच वेळी आईला चणाडाळ कुठे ठेवली ते आठवत नाही, मुलाला इतिहासाची वही सापडत नाही आणि सोसायटीला वर्गणी लागते. त्या दिवशी मात्र सगळं शांत होतं. पहिलं गाणं सुरू झालं. मर्डॉकनं स्वतःच्या तरुणपणातल्या दीर्घ आजारावर लिहिलेलं. काय गाणं! माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. तेवढ्यात दारावर थाप. तसाच उठून दार उघडलं. सिलिंडरवाला.

“साहेब, काय झालं?”

“काही नाही. गाणं ऐकतोय.”

“असं होय,” तो जपून म्हणाला. “सिलिंडर आतपर्यंत नेऊन ठेवू का?”

परत येऊन बसलो. थोड्या वेळानं कुठूनतरी धडधड-धडधड असा ठेका ऐकू येऊ लागला. मागच्या मंगल कार्यालयात संगीताचा कार्यक्रम सुरू झाला असणार म्हणून मी उठून खिडकी लावली. आवाज कमी होईना. दुसरी खिडकी लावली. बाल्कनीचं दार लावलं. शेवटी वैतागून हेडफोन काढले तर घरात निरव शांतता. कार्यालय हेडफोनमध्येच भरलं होतं.

आणि मग ते गाणं आलं. सिल्व्हिया प्लाथ ही कवयित्री अशी, की तिचं नाव घेताना आमच्या मंडळात आवाज आपोआप खाली येतो. तिच्या नावाचं गाणं यादीत पाहून मी स्वेटरच काढून ठेवला होता, तयारी म्हणून. निघालं काय, तर युरोपातल्या डिस्कोत वाजावं असं टणटणीत गाणं, सहा मिनिटांहून मोठं! मी खुर्चीत ताठ बसून राहिलो. पाय मात्र ठेका धरत होता. मी त्याच्यावर दुसरा पाय ठेवला.

प्रेमात माणूस आधी इतरांना दोष देतो. मी हेडफोनला दिला. आमच्या मंडळातल्या बँकवाल्याकडून महागडे हेडफोन आणले. ठेका जास्तच खणखणीत ऐकू आला. मग कानात मळ असेल म्हणून कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी कान स्वच्छ करून विचारलं, “आता कसं वाटतंय?” म्हटलं, “वाईट. सगळं स्पष्ट ऐकू येतंय.”

मंडळातल्या दंतवैद्याचं म्हणणं निराळं. “हा हळूहळू चढणारा अल्बम आहे,” तो म्हणाला. “पहिल्यांदा दुखतं, मग सवय होते.” हे तो सगळ्यांनाच सांगतो, व्यवसायच तसा आहे. तरी मी ऐकत राहिलो. स्कूटरवर ऐकला, भाजी निवडताना ऐकला, आयकराचं विवरणपत्र भरताना ऐकला. विवरणपत्र भरताना बरा वाटला.

शेवटचा उपाय म्हणून परदेशातून रेकॉर्डच मागवली. खरा नाद रेकॉर्डवरच, असं मंडळातले प्राध्यापक म्हणतात. रेकॉर्डच्या किमतीहून टपालखर्च जास्त, आणि वर सीमाशुल्क. पार्सल आलं तेव्हा मी कचेरीत होतो. घरी येऊन पाहतो तर ओट्यावर कुकर आणि कुकरखाली माझं पार्सल.

“आई, हे काय?”

“चांगला जाड पुठ्ठा आहे रे. ओट्याला चटका बसत नाही.”

रेकॉर्ड निघाली ती खोलगट. त्यात कोशिंबीर करता आली असती. प्राध्यापकांच्या घरी ती मशीनवर चढवली. सुई वर चढायची, खाली घसरायची. ठेका एकदा ताणला जायचा, एकदा आखडायचा, नाचण्याची सोयच राहिली नाही. गायकाचा आवाज कापरा झाला, तंतुवाद्यं रडू लागली. प्राध्यापकांनी डोळे मिटले. “हा,” ते म्हणाले, “हा आपला बँड.” दंतवैद्यानं दुजोरा दिला. या अल्बमची कुकरखाली ठेवलेली आवृत्ती हीच अस्सल, असं मंडळानं एकमतानं ठरवलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण एके दिवशी घरी आलो तर स्वयंपाकघरातून तोच ठेका. बायको कणीक मळता मळता डुलत होती, मुलगा फ्रीजसमोर चक्क नाचत होता आणि आई लसूण सोलत मान हलवत होती.

“अरे, हे तुझेच ते रडके ना?” बायको म्हणाली. “सुधारले की!”

“बाबा, यांचं अजून आहे का असलं?”

“बरं म्हणतात हो,” आई म्हणाली. “आधी अंगात नव्हतं का काही पोरांच्या?”

ज्यांनी वीस वर्षं दार लावून घेतलं, त्यांना माझा बँड आवडू लागला होता. चाहत्याच्या आयुष्यात याहून मोठी मानहानी नाही. मी माझ्याच घरात, माझ्याच बँडबद्दल, “यांचं खरं काम तुम्ही ऐकलेलंच नाही” असं भाषण सुरू केलं. त्यांनी आवाज वाढवला.

मंडळाची तातडीची बैठक झाली. बँकवाल्यानं भाबडेपणानं विचारलं, “पण आपल्याला नक्की हवं तरी काय होतं?” असला प्रश्न मंडळात विचारायचा नसतो. तरी विचारलाच म्हणून यादी केली. अल्बम जुन्यासारखा हवा, पण जुन्याची नक्कल नको. त्यांनी प्रगती करावी, पण बदलू नये. त्यांना पैसे मिळावेत, पण खप होऊ नये. जगानं त्यांची दखल घ्यावी, पण जगाला पत्ता लागू नये. ‘जुन्या वळणाची, आधुनिक विचारांची, नोकरी करणारी, घर सांभाळणारी’ अशी वधू हवी म्हणून जाहिरात देणारे लोक मला आयुष्यभर हास्यास्पद वाटत आले. बँकवाल्यानं यादी मोठ्यानं वाचून दाखवली. पुढचा विषय चहाचा निघाला.

या मागण्या तंतोतंत पुऱ्या करणारे लोक जगात नाहीत असं नाही. ब्रिस्टलची सारा रेकॉर्ड्स ही असल्याच हळव्या पॉप गाण्यांची छोटी कंपनी. तिनं शंभरावं प्रकाशन काढलं आणि १९९५ साली दुकान बंद केलं. मोडली नव्हती, विकली नव्हती. शंभर झाले, पुरे झालं, इतकंच. तिच्या एकशे एकाव्या प्रकाशनाला आजतागायत कुणी नावं ठेवलेली नाहीत. लिव्हरपूलच्या द ला’ज बँडनं १९९० साली एकच अल्बम काढला आणि पुढे काढलाच नाही. तो लोकांना अतोनात आवडला. नावडला फक्त त्यांच्या मुख्य गायकाला, ली मेव्हर्सला. तिथे चाहत्यांचं काम कलावंतानंच स्वतःच्या अंगावर घेतलं. याला म्हणतात जबाबदारीची जाणीव.

बाकीच्यांना चाहत्यांच्या हातून सुटका नाही. १९६५ साली न्यूपोर्टच्या महोत्सवात बॉब डिलननं विजेची गिटार हातात घेतली तर तिथे हुर्यो झाली. १९९६ साली वीझर बँडचा ‘पिंकरटन’ आला, तेव्हा रोलिंग स्टोन मासिकाच्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत बसवलं. काही वर्षांनी तोच अभिजात ठरला आणि मग वीझरचा प्रत्येक नवा अल्बम ‘पिंकरटनसारखा नाही’ म्हणून वाईट ठरू लागला. माल तोच असतो. आम्ही फक्त त्याचं कपाट बदलतो.

आमच्या बँडनंही नंतर आमचा अंत पाहायचं सोडलं नाही. २०१७ साली अमेरिकेच्या दौऱ्यात ते आपल्या ड्रमरला नॉर्थ डकोटातल्या एका वॉलमार्टमध्ये विसरून पुढे निघून गेले. बिचारा रात्रीच्या पायजम्यात होता. जगभर बातमी झाली. मंडळात कुणाला हसू आलं नाही. ठेका धरणारा माणूस मागे राहिला, म्हणजे आता जुने दिवस परत येणार, अशी कुजबुज सुरू झाली. पण तो विमानानं वेळेवर पोचला. २०१९ साली यांनी बार्सिलोनाहून सुटणाऱ्या जहाजावर संगीत महोत्सव भरवला. चर्चच्या हॉलवर राहणारा माणूस, भूमध्य समुद्र आणि डेकवर ऊन! प्राध्यापकांनी आठवडाभर दाढी केली नाही.

२०२२ साली मात्र बरी बातमी आली. महासाथीमुळे परदेशी जाता येईना, म्हणून अल्बम पुन्हा ग्लासगोतच रेकॉर्ड केला. आम्ही स्वेटर काढले. ऐकला. गाणी चांगली होती, शहाण्यासुरत्या, पन्नाशीतल्या माणसांची. त्यात शाळेतला एकटा मुलगा कुठे नव्हता. त्याच्या जागी मुलांना वाढवून दमलेला बाप होता. “माझ्याकडे तो आहेच,” बँकवाला म्हणाला, “त्याच्यासाठी वेगळे पैसे कशाला द्यायचे?”

आणि २०२३ च्या जानेवारीत त्यांनी कमाल केली. नवा अल्बम जाहीर केला आणि त्याच आठवड्यात काढलासुद्धा. ना बातमी, ना वाट बघणं. पोटात गोळा यायला निदान महिना-दोन महिने लागतात, एवढाही विचार नाही. दंतवैद्याचा फोन आला.

“ऐकलास?”

“ऐकला.”

“मग?”

“काय बोलायचं. आता ती मजा राहिली नाही.”

“खरंय. तो २०१५ चा काय होता रे! काय ठेका, काय हिंमत! प्लाथवर डिस्को! असं करायला छाती लागते.”

“अरे, ती उंची त्यांना पुन्हा गाठताच आली नाही,” मी म्हणालो आणि मनापासून म्हणालो. माझा मुलगा शेजारीच बसला होता. त्यानं नव्या अल्बममधलं एक गाणं लावलं होतं आणि तोंड वाकडं करून म्हणत होता, “बाबा, हे पहिल्यासारखे नाही राहिले.” पोरगा मार्गी लागला.

तेव्हा वाचकहो, तुमच्या आवडत्या बँडचा नवा अल्बम आज तुम्हाला भिकार वाटला असेल तर तो रागानं पुसून टाकू नका. जपून ठेवा. सात-आठ वर्षांत तुम्ही त्याचेच दाखले देऊन पुढच्या अल्बमला नावं ठेवणार आहात. आणि रेकॉर्ड मागवलीत तर पार्सल कचेरीच्या पत्त्यावर मागवा.